शेंड्यांची पानं

३ फेब्रुवारी

बारक्या,

आशीर्वाद पाठवले तर तू ते तसेच परत पाठवशील, म्हणून तो भाग गाळते. मी बरी आहे, तू विचारलं नसलंस तरी. फोनवर माझा आवाज आला की तू "आईला दे" एवढंच म्हणतोस, जशी काही मी टेलिफोन ऑपरेटर आहे. म्हणून शेवटी कागद घेतला. फोन मध्येच ठेवता येतो, पत्र फाडायच्या आधी माणूस एकदा वाचतोच. आणि तू तर बाटलीवरचं लेबलसुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा.

काम असं आहे. तू दर महिन्याला आईला गुडघ्यांसाठी तुझ्या त्या लाडक्या झुडपाचा पाला पाठवतोस. तो कुठल्या झुडपांचा, कधी तोडलेला, फांदीच्या कुठल्या भागातला, आणि यंदा तिकडच्या वाळवंटात पाऊस किती झाला, एवढं मला कळव. सहज विचारतेय. प्रयोगशाळेत त्याच्यावरचं जुनं काम पुन्हा निघालंय आणि तुझ्याएवढं ते झुडूप कुणाला माहीत नाही. ही खुशामत आहे, ओळखली असशीलच.

आई ठीक आहे. जरा थकलीये. जेवणावरची वासना कमी झालीये, अंगाला खाज सुटते म्हणते. शिवणाचं मशीन आठवडाभर झाकून ठेवलंय, हे मात्र मला आवडलं नाही, कारण ती ताप असतानासुद्धा पायडल मारत बसणारी बाई. काल तिचे डोळे जरा पिवळे वाटले. पण आमच्या स्वयंपाकघरातला दिवाच पिवळा आहे, त्याच्याखाली मीही पिवळी दिसते. पाला उकळून प्यायचं केव्हाच बंद केलं असं ती सांगते. मी फळीवरचा डबा उघडून पाहिला, रिकामा होता.

तुझा राग मला माहीत आहे. माझ्या औषध कंपनीची माणसं पानं न्यायला तुझ्या संशोधन केंद्रामागच्या माळावर आली आणि त्यांनी पानांऐवजी अख्खी झुडपं उपटली. तुझ्या त्या म्हातारीचं, म्हणजे हजारो वर्षं गोल गोल पसरत गेलेल्या त्या झुडपाच्या कड्याचं, एक अंग ट्रॅक्टरखाली गेलं. मी त्यांना लेखी कळवलं होतं की फक्त पानं खुडायची. हे मी तुला तेव्हाही सांगितलं, आजही सांगते, आणि माझी चूक नव्हती यावर मी अजून ठाम आहे. तू पाच वर्षं भांडतोयस आणि मी पाच वर्षं ऐकून घेत नाहीये, आपलं एकूण बरं चाललंय.

सोबत पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट ठेवलंय. मजकूर लिहायचा कंटाळा आला तर नुसती उत्तरं लिही. "ताई" असंही लिहू नकोस हवं तर.

ताई

११ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं पाकीट अजून आलेलं नाही. पाण्याचा टँकर तुमच्याकडे आठवड्यातून एकदाच जातो आणि टपाल त्याच्याबरोबर, हे मला माहीत आहे. तरी रोज खाली जाऊन पेटी उघडते.

आता खरं लिहिते. आई इस्पितळात आहे. रविवारी तुझा फोन आला तेव्हा ती "ताईबरोबर बाहेर निघालेय, नंतर बोलू" म्हणाली ना, तेव्हा ती पलंगावर होती, हाताला सलाइन होतं आणि फोन मी तिच्या कानाला धरला होता. तुला कळवायचं नाही अशी तिची सक्त ताकीद आहे. ती मोडून मी अर्धंच कळवतेय, असं समज.

कावीळ आहे. संसर्गाची नाही, त्या सगळ्या तपासण्या झाल्या. लिव्हरचे आकडे इतके वर गेलेत की तपासनिसानं नमुना चुकला असेल म्हणून पुन्हा रक्त मागवलं. इथले लिव्हरचे डॉक्टर शांत माणूस आहेत, पण ते शांतपणे जे बोलतात ते मी दोनदा विचारून घेते. त्यांच्या मते दोनच शक्यता उरतात. एक तर तिचं शरीर स्वतःच्याच लिव्हरवर उलटलंय, आणि मग मोठ्या प्रमाणात स्टेरॉइड द्यावं लागेल. नाही तर तिच्या पोटात काहीतरी विषारी गेलंय, आणि मग ते बंद करणं हाच उपाय. पहिलं असताना दुसऱ्याचा उपचार केला किंवा दुसरं असताना पहिल्याचा, तर वेळ हातातून जाईल.

त्यांनी आईला विचारलं, औषधं कोणती घेता. आई म्हणाली, कुठलंच नाही. मी तिथंच उभी होते. मी पाल्याचं सांगितलं. आई माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी भर वर्गात तिची चुगली केलीये. म्हणाली, "ते काय औषध आहे का? पाला आहे. आणि बंद केलाय." मग डॉक्टरांनी मला विचारलं, कारण मी त्याच झुडपावर काम केलंय. मी त्यांना माझे जुने आकडे सांगितले. राळ किती, त्यातलं मुख्य द्रव्य किती, चिमूटभर पानं एका कपात उकळली तर पोटात किती जाईल. त्या हिशेबानं एवढी कावीळ होऊच शकत नाही. चिमूटभर चालेल असं तिला मीच तर सांगितलं होतं. डॉक्टरांनी मान डोलावली आणि पाला मागे पडला.

तरी मला चैन नाही. म्हणून पुन्हा विचारते. पानं कुठली होती?

संध्याकाळी तिनं मला मावशीच्या नावानं हाक मारली. मावशी जाऊन किती वर्षं झाली. परिचारिका म्हणाली, लिव्हर बिघडलं की असं होतं, घाबरू नका. मी घाबरले.

ताई

१९ फेब्रुवारी

बारक्या,

सापडलं.

वासानं सापडलं, आणि तेही दुसऱ्याच्या नाकानं. सकाळपाळीची परिचारिका चादर बदलताना म्हणाली, "इथं डांबरासारखा वास कशाचा येतो हो रोज?" मी म्हटलं, माझा असेल. माझ्या कोटाला, केसांना, पर्सला तुझ्या झुडपाचा वास कायमचा चिकटलाय. इतकी वर्षं त्याची राळ हाताळून माझ्या नाकाला तो कळेनासाच झालाय. परिचारिका म्हणाली, "पण तुम्ही यायच्या आधीपासून येतो."

खाटेखाली थर्मास होता. शेजारच्या काकू रोज सकाळी माझ्याआधी येतात, आईचे केस विंचरतात, मी त्यांचे मनापासून आभार मानत होते. थर्मास त्याच आणायच्या, आईनं दिलेला पाला आईच्याच पद्धतीनं घरी उकळून. आईनं त्यांना सांगितलं होतं की मुलानं पाठवलेला काढा आहे, लेकीला आवडत नाही, तिला बोलू नका. काकूंचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, त्या बिचाऱ्या इतक्या रडल्या की मलाच त्यांना धीर द्यावा लागला.

घरी येऊन मी शिवणाच्या मशीनचा खण उघडला. बॉबिन, खडू, फाटकी टेप आणि त्यांच्याखाली तुझी पाकिटं, एकावर एक. स्वयंपाकघरातला डबा माझ्यासाठी रिकामा ठेवलेला होता. आणि चिमूट वगैरे काही नव्हतं. काकू सांगतात, आई मूठ भरून टाकायची आणि पाणी निम्मं होईपर्यंत उकळायची. गुडघे दुखायचे थांबले होते ना, मग जास्त घेतलं तर जास्त थांबतील.

पण मुठीचा हिशेब धरला तरी माझ्या आकड्यांत बसेना. मग मी पाकीट कागदावर उपडं केलं आणि नीट पाहिलं. बारक्या, त्यात एकही जून पान नव्हतं. सगळे शेंडे. फिकट, चकाकणारी, अजून पुरती न उघडलेली, एकमेकांना चिकटलेली जोडपानं. बोटांनी दाबली तर बोटं चिकटत होती.

मी ती प्रयोगशाळेत नेली. आमची पद्धत तुला माहीत आहे, तुझ्यासमोरच करून दाखवली होती एकदा. राळ पानाच्या आत नसते, वरून लेपलेली असते, म्हणून पान वाटायचंही नसतं. स्पिरिटमध्ये बुडवून थोडं हलवलं की राळ सुटते, स्पिरिट उडवून लावलं की मागे जे उरतं ते तोलायचं. मी ते पुन्हा पुन्हा तोललं. माझे जुने आकडे कंपनीच्या पोत्यांतल्या जून पानांचे होते, चांगल्या पावसाच्या वर्षातले. तुझ्या शेंड्यांत राळ त्याच्या अडीच पट निघाली, आणि राळेतलं ते मुख्य द्रव्य त्याहूनही जास्त प्रमाणात.

यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नव्हतं, हे तूच मला शिकवलंयस. कोवळं पान मऊ, रसाळ, ससा असो की टोळ, आधी त्याच्यावरच पडणार. म्हणून झुडूप आपली सगळी राळ तिथं नेऊन लावतं. ऊन अडवायला तीच, पाणी धरून ठेवायला तीच, आणि खाणाऱ्याचं पोट बिघडवायलाही तीच. पाऊस कमी झाला की आणखी दाट. मी राळेचं रसायन शिकले आणि तू झुडपाचं वागणं शिकलास, आणि आपण बोलत नसल्यामुळे या दोन गोष्टी एका टेबलावर आल्याच नाहीत.

आणि तू शेंडेच का खुडलेस, हेही मला विचारायची गरज उरली नाही. ट्रॅक्टरचं प्रकरण झाल्यावर तू नियम केलास ना, की जून फांदीला हात लावायचा नाही, शेंडा खुडला तर तो पुन्हा फुटतो. सगळ्यांना बजावतोस म्हणे. तू आपल्या त्या म्हातारीला जपायला गेलास आणि

रात्री पुढं लिहिता आलं नाही. आता इस्पितळातून लिहितेय, आईच्या खाटेशेजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. थर्मास बंद. स्टेरॉइड उद्यापासून सुरू होणार होतं, ते त्यांनी थांबवलं. म्हणाले, आता फक्त वाट पाहायची. लिव्हर सावरलं तर सावरलं.

आई शुद्धीवर आहे, बोलते. मी तिला सगळं सांगितलं. तिनं चादरीची घडी सारखी केली. मला वाटलं तिला समजलं नाही. मग म्हणाली, "त्याला सांगू नकोस."

मी म्हटलं, सांगायला तर हवंच.

ती म्हणाली, "त्याला सांग, आईनं तुझ्या कंपनीच्या गोळ्या घेतल्या. तुझ्यावर तो रागावलेलाच आहे. अजून थोडा रागावेल. तुला काय फरक पडतो?"

अगदी हेच शब्द. मी ते जसेच्या तसे लिहितेय कारण मला ते एकटीनं बाळगवत नाहीत. मला फरक पडतो बारक्या. मला खूप फरक पडतो, आणि हे तिच्या कधी डोक्यातच आलेलं नाही. तू लहान, तू हळवा, तू रुसून निघून गेलेला, आणि मी इथं राहिलेली, म्हणजे मला काही लागत नाही. मला इतका राग आला की मी उठून जिन्यापर्यंत गेले. परत आले तेव्हा ती झोपली होती आणि तिचा हात चादरीबाहेर होता, पिवळा धमक. ती जागी झाल्यावर मी हो म्हणून टाकलं.

म्हणजे हे पत्र आता पाठवता येत नाही.

२७ फेब्रुवारी

बारक्या,

आईनं तुला फोनवर सांगितलंच आहे. मी तेच लिहून कळवते. ती इस्पितळात होती, कावीळ झाली होती. आमच्या कंपनीच्या सांधेदुखीच्या नव्या गोळ्या मी तिला आणून दिल्या होत्या, त्यांचा त्रास झाला; माझ्या अकरा तारखेच्या पत्रात ते मी लपवलं होतं. आता आकडे उतरायला लागलेत. काल घरी आणलं. भिंत धरून चालते.

डॉक्टरांनी सध्या सगळंच बंद केलंय, काढेसुद्धा. तेव्हा पाला पाठवू नकोस.

ताई

१४ मार्च

बारक्या,

तुझं पत्र मिळालं. पाच वर्षांनी आलेलं पत्र चार ओळींचं असेल असं वाटलं नव्हतं, पण तक्रार नाही. पहिल्या दोन ओळी मला अपेक्षितच होत्या. "आधी माळ विकलास, आता आईवर प्रयोग." आईच्या सांगण्यावरून मी त्या शिव्या खायलाच बसले होते. जेवणाच्या टेबलावर वाचल्या, घडी घातली, वाटलं की झालं, संपलं, सोसून घेऊ.

मग उरलेल्या दोन वाचल्या. "मी रोज दोन वेळा हाच चहा पितो, मला काही होत नाही. आईला नवीन पाला पाठवतोय, तुझ्या विषातून तोच तिला वर काढेल."

पाकीट पत्राबरोबरच होतं. उघडलं. शेंडे.

मी लगेच फोन केला. तुमच्या स्वयंपाक्यानं उचलला. म्हणाला, साहेब पलीकडच्या माळावर मोजणीला गेलेत, आठवडा लागेल, बरोबर चहाचा पाला नेलाय. मी त्याला म्हटलं, त्यांना सांगा तो पाला पिऊ नका, लिव्हर जाईल. तो हसला. म्हणाला, "ताई, साहेबांनी आधीच सांगून ठेवलंय की तुम्ही असं काहीतरी म्हणाल." तब्येत कशी आहे विचारलं, तर म्हणे उत्तम, फक्त हल्ली जेवत नाहीत फारसे, आणि दुपारी आडवे होतात. उन्हाळा आहे ना.

आईचंही असंच सुरू झालं होतं. जेवण कमी, आणि दुपारी आडवं होणं.

मी स्वतः निघाले असते. जाऊन-येऊन दोन दिवसांचा प्रवास आहे आणि आईला अजून न्हाणीघरापर्यंत धरून न्यावं लागतं. काकूंवर सोपवून जाण्याइतका विश्वास आता माझ्यात उरलेला नाही. म्हणून टँकरवाल्याला गाठलंय. हे पत्र तो तुझ्या हातात देणार आहे, केंद्रात ठेवून येणार नाही. पलीकडच्या माळापर्यंत जायला लागलं तरी जाईन म्हणालाय. चांगला माणूस आहे, त्याला पाणी विचार.

आता नीट वाच. कंपनीच्या गोळ्या खोटं आहे. अशा कुठल्याही गोळ्या नाहीत. आईला जे झालं ते तुझ्या पाल्यानं झालं. सोबत माझं एकोणीस फेब्रुवारीचं पत्र आहे, तेव्हा न पाठवलेलं, त्यात सगळं आहे. त्यात आईविषयी मी रागानं जे लिहिलंय तेही तसंच राहू दिलंय. ते काढायला बसले असते तर टँकर गेला असता.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, तो तू ठेवणारही नाहीस. तुझ्याकडे नमुने ठेवायचं स्पिरिट आहे, तराजू आहे, काचा आहेत. एका बाटलीत जून पानं घाल, दुसरीत शेंडे, वजन सारखं. हलव, गाळ, काचेवर सुकव. पाच वर्षांत तू माझं एकही वाक्य खरं मानलं नाहीस, पण स्वतःच्या तराजूशी तू कधी भांडलेला नाहीस. आणि ते करायच्या आधी चहा ओतून दे. स्वयंपाक्याचाही. मग टँकरमध्येच बसून जिथं रक्त तपासतात तिथं जा. उत्तम वाटतंय म्हणून थांबू नकोस. आईलाही उत्तमच वाटत होतं.

मी तुला लिहिणार आहे हे मी आईला आधी सांगितलं. लपूनछपून करायचं नव्हतं, त्या खणानं मला तेवढं शिकवलंय. ती पलंगावर उशीला टेकून बसली होती, मांडीवर कुणाचा तरी परकर, काठ उसवत. हातात कात्री धरण्याइतकी ताकद परवापासून आलीये.

"तू शब्द दिला होतास," ती म्हणाली.

मी म्हटलं, तेव्हा तोही पितोय हे मला माहीत नव्हतं. तुला होतं का?

तिनं काठाचा आणखी एक टाका उसवला. मला अजून कळत नाही की तिला ते माहीत होतं की नव्हतं, आणि मी पुन्हा विचारणार नाही. मग ती म्हणाली, "त्याला नुसतं पिऊ नको म्हण. कारण कशाला सांगायचं?"

मी म्हटलं, कारण न सांगता तो माझं काहीही ऐकत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

"तो स्वतःला कधी माफ करणार नाही. तू ओळखतेस त्याला. आपल्या हातानं आईला, असं त्याच्या मनात आयुष्यभर राहील."

"राहू दे. जिवंत असला तर राहील ना."

तिनं परकर बाजूला ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. म्हणाली, मग आता माझ्याशी बोलू नकोस. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. मी जेवण ठेवते, ती जेवते. मी हात पुढं करते, ती धरते, न्हाणीघरापर्यंत येते, आणि तोंडातून शब्द काढत नाही. तुझा रुसवा कुठून आला हे तिला बघून मला कळायला हवं होतं.

बारक्या, यात अर्धा वाटा माझा आहे. चिमूटभर चालेल हे मी सांगितलं, जून पानांच्या भरवशावर. तुझ्या पाकिटातलं एक पान मी आधी बोटात धरून पाहिलं असतं तर मला कळलं असतं. मी ते पाहिलं नाही, कारण तू पाठवलेल्या पाकिटाला हात लावायचा नाही असा माझाही एक नियम होता. तेव्हा सगळं स्वतःच्या डोक्यावर घेऊन बसू नकोस. पण अर्धं तुझं आहे, आणि ते खोटं बोलून माझ्याकडे ओढून घेणं मला आता परवडत नाही.

टँकरवाला खाली हॉर्न वाजवतोय.

ताई

५ एप्रिल

बारक्या,

तुझा रक्ताचा अहवाल आला. पाकिटावर आईचं नाव होतं. मी ते न उघडता तिच्या मांडीवर ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. भांडी घासलेली होती, ती पुन्हा घासायला घेतली.

थोड्या वेळानं ती स्वतः आली. भिंत न धरता आली, हे माझ्या नंतर लक्षात आलं. कागद ओट्यावर ठेवला, त्यावर आपला चष्मा ठेवला आणि म्हणाली, "वाच. मला यातलं काही कळत नाही."

मी हात पुसले आणि वाचलं. आकडे चांगले नाहीत. सतरा मार्चचे आहेत, म्हणजे तू खरंच टँकरमध्ये बसलास. आईला मी पहिल्यांदा तपासायला नेलं तेव्हाच्या आकड्यांच्या जवळपास आहेत. खाली तीस मार्चचे आहेत, ते निम्म्यावर आलेत. मी आईला सांगितलं की वाईट होतं, आता उतरतंय, त्यानं पाला सोडला तर पूर्ण उतरेल. तिनं विचारलं, "आणि सोडला नसता तर?" मी म्हटलं, तर तुझ्यासारखं झालं असतं, आणि तिथं त्याला इस्पितळ नाही.

ती स्टुलावर बसली. मला वाटलं आता काहीतरी चांगलं बोलेल. आपण दोघंही अजून मूर्खच आहोत. ती म्हणाली, "परवा फोनवर रडला तो. एवढा मोठा माणूस, हुंदके देऊन रडला. लहानपणी कधी रडला नव्हता असा. तू रडवलंस त्याला."

मी म्हटलं, हो.

"मला नव्हतं पाहिजे ते."

मी म्हटलं, माहीत आहे.

मग तिनं अहवाल घडी करून आपल्या खणात नेऊन ठेवला. जाताना चष्मा ओट्यावरच विसरली. संध्याकाळी मशीन सुरू झाल्याचा आवाज आला, एका जागी अडखळत, पायाला जोर नसल्यासारखा. डॉक्टर म्हणतात तिचं लिव्हर आता पूर्वीसारखं होणार नाही, जपून राहिली तर पुरेल. दिवसाला एक वाक्य याप्रमाणे ती माझ्याशी बोलते. बहुतेक वाक्यं तुझ्याविषयी असतात.

तू मला लिहिलेलं नाहीस. काचेवर काय उरलं तेही कळवलं नाहीस, पण तू तोलून पाहिलं असणार याची मला खात्री आहे. आणि जे उरलं ते बघून त्या माळावर एकटा बसून राहिला असशील, याचीही. त्या वेळी मला तिथं असायला हवं होतं असं सारखं वाटतं. मला तू हवा आहेस. बोलला नाहीस तरी हवा आहेस. हे पाच वर्षांपूर्वीच लिहायचं होतं.

पुन्हा रडू आलं की आईला फोन कर आणि पोटभर रड. ती नंतर सगळा राग माझ्यावर काढेल, तो मी ऐकून घेईन. रक्त मात्र दर महिन्याला तपासायला दे.

ताई